टाके निघाल्यानंतरचे आठवडे

माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेचं शेवटचं पेर वाकत नाही. मधलं बोट वाकतं, पण मूठ मिटली की तळव्याला टेकायला जरा कमी पडतं. शस्त्रक्रिया चांगली झाली होती. ती करणाऱ्या डॉक्टरांच्या कामात मला आजही खोट दिसत नाही. हात बिघडला तो नंतर, घरी, माझ्याच ताब्यात असताना. तो कसा बिघडला हे मी क्रमाने लिहिते आहे, कारण आमच्या वाशिम जिल्ह्यात सोंगणी-मळणीच्या दिवसांत विळ्याने, पत्र्याने, मळणी यंत्राने, कडबा कुट्टीने हात कापले जातात आणि त्यातले बरेचसे शिवलेही जातात. शिवलेला हात पुढे कसा सांभाळायचा हे सांगणारं माणूस मात्र गावात क्वचितच असतं.

मी मालेगाव तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, घरी कोरडवाहू शेती आहे. आमच्याकडचा खरीप म्हणजे सोयाबीन आणि त्यात तुरीची तासं. त्या वर्षी सोयाबीन सोंगून झालं होतं, सुडी लावलेली होती आणि परतीचा पाऊस आला. सुडीवरची ताडपत्री वाऱ्याने उडायला लागली, म्हणून तिच्यावर दाब द्यायला गोठ्याचा जुना पत्रा आम्ही वर चढवत होतो. वाऱ्याने पत्रा ओढला. सोडून द्यायला हवा होता, पण वर्षाचं पीक समोर भिजत असताना हात सोडत नाही. मी पत्रा घट्ट धरला आणि तो मुठीतून सरकत गेला.

पहिली चूक तिथेच झाली. रक्त थांबलं आणि मी निश्चिंत झाले. हळद भरून फडकं बांधलं, तालुक्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात कातडीला टाके घातले. मधलं बोट वाकत नव्हतं, अनामिकेचं टोक वाकत नव्हतं. सूज आहे, उतरली की वाकेल, असं मला सांगितलं गेलं. ते मला पटलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. सुडी अजून शेतात होती, शाळेत सत्र परीक्षा जवळ आल्या होत्या. अकोल्याला जायचं म्हणजे मेडशी, पातूरचा घाट ओलांडून अख्खा दिवस जातो. मी थांबले.

आज मला ठाऊक आहे की ती तपासणी घरीसुद्धा करता येते. बोटावर किंवा तळव्यावर कापलं असेल, तर प्रत्येक बोटाचं प्रत्येक पेर वेगवेगळं वाकवून बघायचं. मधलं पेर वाकलं म्हणून टोकाचं वाकेलच असं नाही, कारण ती दोन पेरं वाकवणाऱ्या दोऱ्या वेगवेगळ्या आहेत. मग डोळे मिटून बोटाच्या दोन्ही कडांना कापसाचा स्पर्श कळतो का ते पाहायचं. एखादं पेर वाकत नसेल किंवा एक कड बधिर असेल, तर आत काहीतरी तुटलं आहे. ते पहिल्या काही दिवसांत जोडणं सोपं असतं. उशीर झाला की तुटलेलं टोक आत तळव्याकडे, कधी मनगटाकडे आखडत जातं आणि काम अवघड होतं. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी माझा हात पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी मला एसटीत बसवलं. त्या नसत्या तर आज मधलं बोटही गेलेलं असतं.

अकोल्याला शस्त्रक्रिया झाली. मधल्या बोटाच्या दोन्ही दोऱ्या तुटल्या होत्या, अनामिकेची एक. अनामिकेच्या एका कडेची संवेदना नेणारी नसही कापली गेली होती. दोरीला डॉक्टर टेंडन म्हणतात. गावात टेंडनलाही नस म्हणतात आणि संवेदनेच्या तारेलाही नसच म्हणतात, म्हणून घरच्यांना ‘नस जोडली’ एवढंच कळलं. मलाही तेवढंच कळलं होतं.

टेंडन बोटात कसं बसलेलं असतं, हे मी पुढे शिकले. ते आधी शिकले असते तर निम्म्या चुका टळल्या असत्या. लेंग्याच्या नेफ्यातून नाडी सरकते, तसं टेंडन बोटातल्या एका अरुंद नळीतून सरकतं. तुटलेलं टेंडन शिवलं की शरीर जखम भरायला लागतं, पण भरताना ते नाडी आणि नेफा असा भेद करत नाही, दोन्ही एकमेकांना चिकटवून टाकतं. चिकटू नये म्हणून ते सरकतं ठेवावं लागतं. पण शिवलेली जागा सुरुवातीचे आठवडे फार कच्ची असते, जोर लावला की तुटते. हात अजिबात हलवला नाही तर बोट चिकटतं आणि जास्त हलवला तर टाका तुटतो. पुनर्वसनाचं सगळं शास्त्र या दोन धोक्यांमधून वाट काढतं. मी आधी पहिल्या धोक्यात सापडले, मग दुसऱ्या.

ही अडचण जगभरच्या डॉक्टरांनाही बराच काळ सुटली नव्हती. तळव्याच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या भागात दोन टेंडनं एकाच नळीतून जातात. अमेरिकेतले हाताचे शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी त्या भागाला ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं, म्हणजे पाऊल टाकू नये असा टापू. तिथे कापलं तर टेंडन लगेच जोडू नये, फक्त कातडी शिवावी आणि नंतर दुसरं टेंडन बसवावं, असा दंडक होता. 1967 मध्ये अमेरिकेतल्याच लुइव्हिलचे हॅरॉल्ड क्लाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तिथेही लगेच जोडता येतं, पण त्याला एक अट आहे: पहिल्याच दिवसांपासून बोट मोजक्या, आखलेल्या पद्धतीने हलतं राहिलं पाहिजे. त्यांनी नखाला रबर बांधलं. बोट उघडायचं रुग्णाने स्वतः आणि मिटायचं रबराने, म्हणजे टेंडन सरकतं पण त्याच्यावर ताण येत नाही. पुढे पद्धती बदलल्या, टाके मजबूत झाले, पण अट तीच राहिली. माझ्या बोटांत जे शिवलं गेलं, ते या अटीवरच शिवलं होतं.

ती अट मला सांगितलीही होती. शस्त्रक्रियेनंतर तिथल्या थेरपिस्टने गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकची स्प्लिंट माझ्या हाताच्या मापाने वळवून दिली. मनगट आणि बोटांची मुळं किंचित वाकलेली, वरून छप्पर. ‘ताई, जागं असताना दर तासाला दुसऱ्या हाताने बोटं हळूच मिटवायची आणि मग स्वतः छपराला टेकेपर्यंत उघडायची. स्प्लिंट सहा आठवडे काढायची नाही, झोपेतसुद्धा नाही.’ मी मान हलवली. मी एकटीच ऐकत होते. नवरा बाहेर औषधं घ्यायला गेला होता आणि त्याला आत बोलवावं हे मला सुचलं नाही. ही माझी दुसरी चूक आणि पुढच्या सगळ्या चुकांचं मूळ. ज्या घरात तो हात सांभाळला जाणार होता, त्या घराला काहीच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर प्रत्येकाने मायेने एकच गोष्ट सांगितली. सासूबाई म्हणाल्या, ‘हात हालवू नोको व, टाके उसवतीन.’ शेजारच्या काकू म्हणाल्या, गळ्यातून झोळी काढू नको. मला दुखत होतं, भीती वाटत होती, आणि हा सल्ला माझ्या भीतीला सोयीचा होता. मी हात झोळीत ठेवला आणि दर तासाचा व्यायाम आधी सकाळ-संध्याकाळवर आणला, मग सोडून दिला. थेरपिस्टने हात हृदयाच्या वर उचलून ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे सूज उतरते. झोळीत तो पोटाजवळ लोंबत राहिला आणि बोटं फुगून राहिली. फुगलेलं बोट आणखी कमी हलतं. खांदा आणि कोपर तर मी विसरूनच गेले. त्यांना काही लागलं नव्हतं, पण न हलवल्यामुळे खांदा असा धरला की वेणी घालायला हात मागे जाईना. टाके निघाले तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. बाहेरून हात बरा दिसत होता, म्हणून पुढच्या तपासणीची तारीख मी टाळली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा पैशांची सबब मला सांगता येणार नाही. दिवस मोडतो ही सबब होती, आणि आता काय उरलंय हा समज होता.

मग दिवाळी आली.

घरात मी मोठी सून. फराळाचं सगळं जावेच्या अंगावर टाकून बसणं मला जमेना. कुणीही मला काम सांगितलं नव्हतं, हे मी आवर्जून लिहिते. स्प्लिंट आड येत होती, म्हणून मी ती काढली, पीठ मळलं, आणि चकलीचा सोऱ्या हातात घेतला. सोऱ्या दाबायला मूठ पूर्ण आवळावी लागते, त्याहून मोठा ताण घरकामात दुसरा नसेल. तिसऱ्या की चौथ्या चकलीला अनामिकेत काहीतरी टच्च झालं. दुखलंही नाही फारसं. बोटाचं टोक, जे थोडं थोडं वाकायला लागलं होतं, ते सरळ झालं आणि सरळच राहिलं.

त्या क्षणी मला समजलं होतं. ही कबुली मला सगळ्यात जड जाते. मी काही न कळल्यासारखं केलं. स्प्लिंट परत चढवली, चकल्या जावेने पूर्ण केल्या आणि मी कुणालाही सांगितलं नाही. दिवाळीत घरावर संकट नको, डॉक्टर रागावतील, नवऱ्याने ऑपरेशनला उसनवारी केली होती ती वाया गेली असं त्याला कसं सांगू, असे विचार मनात फिरत राहिले. टेंडन परत तुटलं आणि तातडीने दाखवलं, तर पुष्कळदा ते पुन्हा जोडता येतं. मी इतके दिवस घालवले की तुटलेलं टोक आखडून गेलं. शेवटी दाखवलं तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की या बोटाचं मधलं पेर वाकवणारं दुसरं टेंडन शाबूत आहे, तेव्हा नव्या टेंडनची मोठी शस्त्रक्रिया करून असलेलं गमावण्यापेक्षा हे टोक असंच राहू द्यावं. मधल्या बोटात टेंडन पुन्हा तुटलं नव्हतं, पण न हलवल्यामुळे ते नळीला चिकटून बसलं होतं. एकाच हातात दोन बोटं, दोन उलट चुकांनी बिघडलेली.

तिसरं नुकसान त्याच हिवाळ्यात झालं. अनामिकेची एक कड बधिर होती. जोडलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढते, म्हणजे बोटाच्या टोकापर्यंत पोचायला तिला महिने लागतात. तोवर त्या कडेला गरम-थंड कळत नाही, आणि डोळ्यांनी बोटाची राखण करावी लागते. मी तव्यावरची भाकर नेहमीच्या सवयीने हातानेच उलटली. चटका बसला ते मला वासावरून कळलं. फोड आला, फुटला, चिघळला आणि पुन्हा काही आठवडे बोट हलवता आलं नाही. विदर्भाने बधिर हात फार जवळून पाहिले आहेत. कुष्ठरुग्णांसाठी अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 मध्ये तपोवन उभं केलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं. त्याच काळात वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या आखडलेल्या हातांवर टेंडनच्या शस्त्रक्रिया करत होते, आणि त्यांनी जगाला दाखवून दिलं की या माणसांची बोटं आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून ती भाजतात, कापतात, जखमा चिघळतात आणि बोटं जातात. चटक्यानंतर मी हे वाचलं तेव्हा माझ्या बोटाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. दुखणं ही हाताची राखण आहे. ती नसेल तेव्हा राखण आपल्याला करावी लागते: पकड, फडकं, आणि नजर.

मधल्या बोटासाठी दुसरी शस्त्रक्रिया ठरली, चिकटलेलं टेंडन मोकळं करण्याची. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर आधी काही महिने जाऊ द्यावे लागतात, कातडी आणि सांधे मऊ व्हावे लागतात. त्या मधल्या काळात मी आणखी एक चूक केली. घाई झाली म्हणून डाव्या हाताने ताठरलेलं बोट जोर लावून दाबत बसायचे. दुसऱ्या दिवशी बोट सुजायचं आणि आदल्या दिवसापेक्षा कमी वाकायचं. कुणीतरी मालीश करणाऱ्याचं नाव सुचवलं, तिथेही जाऊन आले, त्याने सांधा कडकडून मोडला. थेरपिस्टने हात पाहिला आणि विचारलं, ‘ताई, तुम्हाला कुणी सांगितलं की दुखेल तेवढं चांगलं?’ कुणीही सांगितलं नव्हतं. शिक्षा झाली की सुधारणा होते, असं मी माझ्या हाताबाबत आपणहून धरून चालले होते.

त्या थेरपिस्टचं शिक्षण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या शाळेत झालं होतं. तिच्याकडून मला या शास्त्राचा महाराष्ट्राशी असलेला संबंध कळला. अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकरांच्या मराठी घरात सून म्हणून आलेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा सुरू केली. माणसाला त्याच्या रोजच्या कामांतून बरं करायचं, हा या विद्येचा गाभा. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या वाट्याला तोच गाभा आला. त्या शस्त्रक्रियेत काहीही जोडलेलं नसतं, फक्त सोडवलेलं असतं, म्हणून बोट लगेच, दुसऱ्याच दिवसापासून, स्वतःच्या ताकदीने हलवावं लागतं. दुखत असतं आणि तरी हलवावं लागतं, पण मोजून. मुळाचा सांधा धरून फक्त मधलं पेर, मग ते धरून फक्त टोक. व्रण मऊ राहावा म्हणून जखम भरल्यावर रोज तेल लावून बोटाने गोल चोळायचं. बधिर कड जागी व्हावी म्हणून परातीत आधी कापूस, मग तांदूळ, मग हरभरे, आणि त्यात हात घोळवायचा. नंतर तूर निवडणं, शेंगा फोडणं, फुलवाती वळणं. त्यानंतर मऊ कणीक. बादली, विळा आणि सोऱ्या सगळ्यात शेवटी, तिने परवानगी दिल्यावर. टेंडन जोडल्यानंतरही कामांची चढती पायरी हीच असते: सहा आठवड्यांनंतर हलकी कामं, आठाच्या पुढे हळूहळू जोर, आणि शेतातलं जड काम साधारण बारा आठवड्यांनंतर. पहिल्या वेळी मी वरची पायरी आधी चढले होते.

या वेळी नवरा आणि सासूबाई दोघंही माझ्यासोबत आत बसले. थेरपिस्टने सासूबाईंच्या हातात माझं बोट दिलं आणि किती दाबायचं ते दाखवलं. पुढचे कित्येक आठवडे घड्याळाकडे लक्ष त्यांचंच असायचं. तास झाला की त्या माझ्यासमोर येऊन बसायच्या. हात हलवू नको म्हणणाऱ्या त्याच होत्या, आणि दोन्ही वेळी त्यांना माझं भलंच हवं होतं. फरक एवढाच पडला की दुसऱ्या वेळी त्यांना कुणीतरी समजावून सांगितलं. पहिल्या वेळी ते सांगणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही.

मधलं बोट बरंचसं परत आलं. मी फळ्यावर लिहिते, भाकरी थापते, तूर सोंगते. घागर उचलताना अनामिका बाजूला राहते आणि बारीक सुई पकडताना मला हात बदलावा लागतो. हे कायमचं आहे, आणि टाळता आलं असतं.

सगळा भार मी माझ्यावर घेत असले, तरी एक गोष्ट माणसाच्या शहाणपणाबाहेरची आहे: जवळ सोय असणं. वाशिम 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला, तरी हातासाठी मला अकोल्यालाच जावं लागलं. 2024 मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. त्या महाविद्यालयाकडून माझं मागणं साधं आहे. तिथे हाताच्या पुनर्वसनाची एक खोली असावी, स्प्लिंट वळवणारा माणूस असावा, आणि मळणीच्या हंगामात तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एकदा तो माणूस यावा. मानोरा, रिसोड, कारंजा, मंगरूळपीरच्या शेतमजूर बाईने हात हलता ठेवण्यासाठी दर वेळी एक दिवसाची मजुरी आणि एक दिवसाचा प्रवास मोडावा, आणि तिने ते केलं नाही तर तिला निष्काळजी म्हणावं, हे मला मान्य नाही. माझा पगार चालू होता, रजा मिळत होती, तरी मी तारीख टाळली. तिच्याकडून तर आपण माझ्याहून कितीतरी जास्त मागतो आहोत.

ती सोय होईपर्यंत जे आपल्या हातात आहे ते एवढंच. गावात कुणाचा हात शिवून आला असं कळलं की मी त्यांच्या घरी जाते आणि रुग्णालयातून निघताना विचारायचे प्रश्न त्यांना देते. स्प्लिंट किती आठवडे, आणि झोपताना, आंघोळीला काढायची का? आजपासून कोणता व्यायाम करायचा आणि कोणता अजिबात नाही? कोणतं बोट बधिर आहे? खांदा-कोपराचं काय? शेतातलं काम कधीपासून? आणि काय झालं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी परत यायचं? उत्तरं मराठीत कागदावर लिहून घ्या आणि घरी गेल्यावर सगळ्यांना बसवून वाचून दाखवा. काही बिघडलं, तर लपवू नका. त्याच दिवशी सांगा.